रविवारी आईला घेऊन ये

मावशी, शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर झालं होतं, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडून बाईचा आवाज आला, "पाथरीच्या उषाताई का? मी संघमित्रा, सेलूहून. प्रयागबाईंची मुलगी." मला आनंद झाला. वाटलं, उद्याच्या चहाचं काही विचारायचं असेल. ती म्हणाली, "आमच्या कॅलेंडरवर उद्याच्या तारखेला आईनं लिहून ठेवलंय, 'उषा आणि तिची आई, चार वाजता.' खाली तुमचा नंबर हाय. म्हणून कळवायलेय. आई काल गेली."

"कुठं गेल्या?" मी विचारलं.

खरंच असं विचारलं मी. पंचेचाळीस वर्षांची बाई, घरात चार मयती पाहिलेली, आणि 'गेली' म्हणजे काय हे मला कळलं नाही. संघमित्रा लहान मुलाला समजवावं तसं हळू म्हणाली, "सकाळी धुणं वाळू घालायलती. तिथंच पडली. दवाखान्यात नेलं, पण काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी सगळं झालं."

मी फोन ठेवला आणि शिलाई मशीनवर बसले. एक बाई साडीला फॉल लावायला घेऊन आली. मी तिच्याकडून साडी घेतली, मंगळवारी या म्हणाले, चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं. तुम्ही गेल्याचं तिला सांगितलं नाही. काय सांगणार? तिनं विचारलं असतं, "तुमच्या कोण लागायच्या?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. नातं नाही, गोत नाही, शेजार नाही. तीन वर्षांत आपण तीन वेळा भेटलो. तिन्ही वेळा अचानक, तासाभराच्या वर कधीच नाही. एवढ्यावर कुणी दुकान बंद करून रडत बसत नाही. मी मात्र शटर खाली ओढलं आणि अंधारात कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून राहिले. रडू आलं नाही. मनात एकच वाक्य फिरत होतं, उद्या चार वाजता, उद्या चार वाजता.

पहिली भेट आठवते का मावशी? देवगाव फाट्यावर. मी मंठ्याला नणंदेकडं जाऊन परत येत होते. उन्हाळ्याची दुपार, सेलूच्या गाडीचा पत्ता नाही. रसवंतीच्या ताडपत्रीखाली बाकड्यावर बसून मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचत होते. वाचनालयवाल्यांनी त्याला खाकी पुठ्ठा चढवलेला, त्यामुळं मुखपृष्ठ नाही, फोटो नाही. शेजारी तुम्ही येऊन बसलात. मांडीवर पिशवी, चपलेत पांढरे मोजे, हातात भुईमुगाच्या शेंगा.

"काय वाचायलीस एवढं?"

"गोष्टी आहेत मावशी. एका नर्सबाईंनी लिहिल्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या आहेत त्या."

"बऱ्या हायत का?"

"लय बऱ्या. दुसऱ्यांदा वाचायलेय. पण एका गोष्टीचा मला फार राग येतो."

"कोणत्या?"

आणि मी तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगितली! कौसाची. खेड्यावरची सरकारी नर्स. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरात बाई अडते, मूल आडवं असतं, नदीला पाणी असल्यामुळं तालुक्याला नेता येत नाही. कौसा सकाळपासून चार वाजेपर्यंत झटते, आई आणि लेकरू दोघांना वाचवते. मग हात धुऊन ओसरीच्या पायरीवर बसते. घरातून चहा येतो. पण कौसा बौद्ध वस्तीत राहणारी, म्हणून तिच्यासाठी कप वेगळा. बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला. वरून चहा ओतला जातो. ती पिते, कप विसळते, कोनाड्यात पालथा घालते आणि निघून जाते. गोष्ट संपते.

"एक शब्द बोलत नाही ती," मी म्हणाले. "मी असते तर तो कप भिंतीवर आपटला असता."

तुम्ही शेंगा सोलायच्या थांबलात. "आपटला असतास?"

"हो."

"आन् दुसऱ्या महिन्यात त्याच गल्लीत दुसरी बाई अडली तर? बोलवलं असतं का तुला?"

मी भलतंच बोलले. "ते काही नाही. लिहिणारी बाईच घाबरट असेल."

तुम्ही एवढं हसलात की ठसका लागला. रसवंतीवाल्यानं पाणी आणून दिलं. डोळे पुसत म्हणालात, "असंल माय. असंल घाबरट." तेवढ्यात गाडी आली. गर्दीत तुम्हाला पुढं जागा मिळाली, मला मागं. सेलूला उतरताना तुम्ही मागं वळून हात केलात. मी मनात म्हणाले, काय मोकळी म्हातारी आहे. नाव विचारायचं राहून गेलं.

तुमच्या गोष्टींनी मला काय दिलं हे तेव्हा सांगायला हवं होतं. बारावीनंतर माझं वाचन सुटलं होतं. लग्न, मुलं, मशीन. नवरा गेल्यावर तर वर्तमानपत्रसुद्धा नको वाटायचं. एका दुपारी वाचनालयाच्या बाईंचा ब्लाउज द्यायला गेले आणि टेबलावर पडलेलं पुस्तक सहज उघडलं. पहिल्याच पानावर आमच्याकडची बोली. 'करायलीस', 'जायलाव', 'लय', 'न्हाई'. अशी बोली पुस्तकात असते हे मला माहीतच नव्हतं. उभ्यानं अकरा पानं वाचली. त्यानंतर दुकानात येणाऱ्या बायकांना मी तुमच्या गोष्टी वाचून दाखवायला लागले. घरी आईलाही वाचून दाखवल्या. तिला वाचता येत नाही. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडंच असते.

सगळ्या वाचल्या. फक्त कौसाची सोडून.

दुसरी भेट परभणीच्या दवाखान्यात, दीड वर्षानं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, ती आत तपासणीला गेलेली. मी बाहेर बाकावर. आतून पुकारा झाला, "प्रयाग वाव्हळे!" हे नाव मी कितीदा पुस्तकावर वाचलं होतं. चटकन मान वर केली, बघते तर देवगाव फाट्यावरच्या मावशी उठून चाललेल्या. माझ्या हातातली आईची फाइल खाली पडली. कागद पसरले. ते गोळा करता करता आठवलं, मी या बाईंना तोंडावर घाबरट म्हणाले होते.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा डोळ्यांत औषध घातलेलं. भिंतीला धरून चालत होतात. मी पुढं होऊन हात धरला आणि म्हणाले, "ताई, मी तुम्हाला फाट्यावर…"

"आवाज वळखला," तुम्ही म्हणालात. "कप फोडणारी ना तू?"

मी माफी मागायला लागले तर तुम्ही हात झटकलात. "आन् ताई काय म्हणायलीस? मावशी बरी होती. ताई म्हणलं की आता शाल घालतेत का काय असं वाटतं."

मग आपण बाकावर बसलो. मी पुन्हा तेच काढलं. म्हणाले, मावशी, तुम्ही स्वतः नर्स होतात, तुम्हाला माहीत आहे किती संताप येत असेल. मग तिला एक वाक्य तरी द्यायचं. तुम्ही मान वर करून डोळे मिटून बसला होतात. तशाच बोललात. ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मी तिला बोलायला लावलं असतं ना, तर तुझी तसल्ली झाली असती. छान बोलली म्हणून पुस्तक मिटलं असतंस, भाकरी करायला गेली असतीस. ती गप बसली म्हणून तू दीड वरीस माझ्यासंगं भांडायलीस."

मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलं नाही, मावशी. बोलायचं ते बोलायलाच हवं, असं मी म्हणाले. तुम्ही हसलात. मग विचारलंत, "संगं कोण हाय तुझ्या?"

"आईला आणलंय. आत आहे."

"गाव कोणतं तुझं?"

मी माहेरचं नाव सांगितलं, गोदावरीच्या काठचं.

"कोणाच्या घरातली?"

वडिलांचं नाव सांगितलं. तुमचे डोळे उघडले. औषधानं काही दिसत नसणार, तरी तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात.

"थोरली का धाकली?"

"धाकटी. मोठा भाऊ आहे."

तुम्ही माझा हात हातात घेतलात, अंगठ्यानं तळहात चोळलात आणि म्हणालात, "बरी हाईस ना?" दीड वर्षानं भेटलेल्या माणसाला विचारतात तसं नाही. कसं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आणि लगेच पिशवी उचललीत. "माझी गाडी हाय." मी म्हणाले, पाच मिनिटं थांबा, आईशी ओळख करून देते. तुम्ही थांबला नाहीत. भिंतीला धरत धरत, दोन ठिकाणी माणसांना धडकत निघून गेलात. पाच मिनिटांत आई बाहेर आली. मी कुणा बाईशी बोलत होते एवढं तिला आत ऐकू आलं होतं.

"कोण व्हती गं?"

"लेखिका आहेत एक. त्या गोष्टी वाचते ना मी."

"आपल्या वळखीची हाय का?"

"माझ्या," मी जरा मिजाशीतच म्हणाले.

आणि तिसरी भेट. आज बारा दिवस झाले. सेलूच्या मॅचिंग सेंटरमध्ये मी अस्तर घ्यायला गेले, तर काउंटरवर तुम्ही दोन निळ्या कापडांमध्ये अडकलेल्या. दुकानदार बेजार झालेला. मला बघून तुम्ही म्हणालात, "ही आली बघा, आता हीच ठरवील." मी गडद निळं काढून दिलं. शिवून मीच देते म्हणाले. तुम्ही कानाशी लागलात, "आतून एक खिसा लाव. पेन ठेवायला. नर्सच्या झग्याला खिसे व्हते, ब्लाउजला नसतेत, लय अडचण होते." मी तिथंच दुकानदाराचा टेप मागून मापं घेतली. तुमचे खांदे एवढे बारीक होते की मी टेप दोनदा लावला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, दुसरी आवृत्ती निघाली तर कौसाला बोलायला लावाल का?"

"अजून तिथंच हाईस का तू?"

"तिथंच."

तुम्ही रस्त्याकडं बघत उभ्या राहिलात. मग म्हणालात, "एक काम कर. रविवारी घरी ये. ह्या न्हाई, पुढच्या. चारला ये, चहा घेऊ. आन् आईला घेऊन ये."

"आईला?"

"हं. मला तुला एक सांगायचंय. ते इथं रस्त्यावर न्हाई सांगायचं."

मी म्हणाले, "मलाही तुम्हाला एक सांगायचंय."

आपण पहिल्यांदा ठरवून भेटणार होतो. तुम्ही माझा नंबर पावतीच्या मागं लिहून घेतलात.

मला काय सांगायचं होतं ते आता सांगते. तुमच्यासमोर सांगायला मला तीन वर्षं पुरली नाहीत. आमच्या घरी पण तसा कप होता, मावशी. पांढरा, निळ्या काठाचा, ओसरीच्या डाव्या कोनाड्यात. मी सहा वर्षांची असताना खेळता खेळता त्यातून पाणी प्यायले, तर आजीनं मला डोक्यावरून अंघोळ घातली. भावाच्या लग्नाच्या वेळी गिलावा झाला तेव्हा कोनाडा बुजला. कप कुठं गेला कुणी विचारलं नाही. तुमची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा तोच कप डोळ्यांसमोर आला होता. आणि तरी फाट्यावर मी अशी बोलले, जणू मी दुसऱ्याच कुठल्या घरात वाढले. कप फोडण्याची भाषा करणाऱ्या मला तो कप रोज दिसायचा. आईला ती गोष्ट वाचून दाखवायची हिंमत मला याचमुळं झाली नाही. मला तुम्हाला विचारायचं होतं, ते कुणाचं घर होतं? पण उत्तराची भीती वाटायची. मी स्वतःला समजवायचे, असे कप गावोगाव होते.

रविवारी मी सेलूला आले. एकटीच. संघमित्रानं येऊ नका म्हटलं होतं, पण चार वाजता मला दुसरीकडं कुठं बसवलं नसतं. तुमच्या घरी पांढऱ्या कपड्यातली माणसं बसलेली, बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या, वंदना नुकतीच झालेली. भिंतीवरचं कॅलेंडर मी पाहिलं. तुमचं अक्षर पाहिलं. 'उषा आणि तिची आई.' मला तिथं उभं राहवेना.

संघमित्रानं पाणी दिलं. म्हणाली, "आई सांगायची, एक वाचणारी भेटलीय, माझ्यावर रागावलेली." तिला वाटलं मी हसेन. मी हसले पण. तिनं विचारलं, "आईला तुमच्या आईला कशाला भेटायचं होतं, माहीत हाय का?" मी नाही म्हणाले. तेव्हा खरंच माहीत नव्हतं. निघताना तिनं पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाची पत्रिका दिली. तीवर तुमचा तरुणपणीचा फोटो, पांढऱ्या साडीत, दोन वेण्या वर बांधलेल्या. मी तुम्हाला म्हातारपणीच पाहिलेलं, मला तर ओळख पटली नसती.

काल दुपारी ती पत्रिका मी मशीनवर ठेवली होती. आई जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. ऑपरेशननंतर तिला आता स्वच्छ दिसतं. डबा ठेवता ठेवता थांबली. पत्रिका उचलून उजेडाला नेली.

"हिचा फोटू तुझ्याकडं कसा?"

"का? कोण आहे?"

"शिष्टर हाय ना ही. आपल्या गावाकडं व्हती. हिनंच तर तुला काढलं."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. आई फोटोवरून बोट फिरवत बोलत होती. नदीला पाणी होतं म्हणाली. मी आडवी होते म्हणाली. सकाळपासून दिवस कलेपर्यंत शिष्टर हलली नाही म्हणाली. मग मला विचारलं, "नाव काय लिवलंय हिचं?"

"तुला माहीत नाही?"

"आमी शिष्टरच म्हणायचो."

"प्रयाग," मी म्हणाले. "गेल्या त्या, आई. शुक्रवारी."

आई स्टुलावर बसली. मी कपाटातून पुस्तक काढलं आणि कौसाची गोष्ट वाचली. पहिल्यांदा, तिच्यासमोर. ती डोळे मिटून ऐकत होती. कप पालथा घालून कौसा निघून जाते तिथं मी थांबले.

"असंच झालं व्हतं," आई म्हणाली. "पर गप न्हाई गेली ती."

"म्हणजे?"

"कप पालथा घातला. आन् दारातून तुझ्या आज्जीला म्हणली, 'माय, ह्याच हातानं तुमच्या नातीची नाळ कापली. मंग तिलाबी बाहेरच ठेवता का आता?'"

मावशी, तुम्ही बोलला होतात. माझ्या जन्माच्या दिवशी, आमच्या दारात उभ्या राहून, माझ्यासाठी. मी तीन वर्षं जे वाक्य तुमच्याकडं मागत होते ते तुमच्याजवळ होतं, आणि तुम्ही ते गोष्टीतून काढून टाकलं होतं. दवाखान्यात माझा हात धरला होतात तेव्हा तुम्हाला कळलं होतं मी कोण ते. तरी तुम्ही मला तेव्हा काही सांगितलं नाही. फाट्यावर मी मोठ्या तोंडानं कप फोडत होते तेव्हा तर तुम्ही ठसका लागेपर्यंत नुसत्या हसलात.

"आजी काय म्हणाली?" मी आईला विचारलं.

"काय म्हणती. आत निघून गेली. मी खाटंवर पडल्या पडल्या ऐकलं सगळं. मला वाटलं, उठावं आन् हिला आत घ्यावं. पर वली बाळंतीण मी, उठता कुठं येतंय."

एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं संपलं. मी डबा उघडायला लागले. तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "मागून उठता येत व्हतं. डोस पाजायला, तुझं वजन करायला ती दर म्हैन्याला यायची. तिला चहा मीच न्यायची बाहेर. त्याच कपात. ती काय बोलायची न्हाई मग. मीबी न्हाई बोलले."

आईला मी कधी रडताना पाहिलं नाही, बाबा गेले तेव्हासुद्धा. काल ती रडली. मला तिला जवळ घेता आलं नाही. रागानं नाही. मला माझ्याच हातापायांचं काही कळत नव्हतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून होतो, मध्ये तुमचा फोटो.

तुम्ही आईला का बोलावलं होतं, मावशी? जाब विचारायला? तसं असतं तर कॅलेंडरवर एवढ्या हौसेनं लिहिलं नसतं. मला तुमच्याशी अजून भांडायचंय. गोष्टीतून ते वाक्य काढायला नको होतं, हे मी अजूनही म्हणते. वाचणाऱ्यांसाठी नसेल, पण आमच्यासाठी ते कागदावर राहायला हवं होतं. आईशिवाय ते ऐकणारं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून आज हे सगळं लिहून काढलं.

मी लिहीत असताना आई शेजारी बसून होती. आत्ता तिनं विचारलं, "नाव काय म्हणलीस तिचं?"

मी पुन्हा सांगितलं.

तिनं ते आधी मनाशी घोळवलं. मग स्पष्ट आवाजात, जणू कुणाला तरी घरात बोलावतेय असं दोनदा उच्चारलं, "प्रयाग. प्रयाग."